कोंबडीभात आणि एकलकोंडे

कोंबडी ही एकट्याने खायची वस्तू नव्हे, असं माझं स्वच्छ मत आहे. एकट्याने खावी असं परमेश्वराच्या मनात असतं तर त्याने ती चिमणीएवढी केली असती. पण त्याने तिला दोन तंगड्या दिल्या, दोन पंख दिले, भरदार छाती दिली, मान, पाठ, काळीज, सगळं दिलं. म्हणजे निदान सहा-आठ माणसांची सोय केली. शिवाय तंगड्या दोनच देऊन त्या सहा-आठ जणांत भांडण लागेल अशीही चोख व्यवस्था केली. आता भांडायचं म्हणजे समोर दुसरा माणूस हवा. ज्या जेवणात तंगडीवरून निदान एकदा आवाज चढत नाही त्याला आमच्या मालवणाकडे कोणी जेवण म्हणणार नाही. ते नुसतं पोट भरणं झालं. पोट काय, सलाइनने पण भरतं.

हे एवढ्या त्वेषाने सांगायचं कारण म्हणजे सिंगापूर. आमचे चिरंजीव तिथे नोकरीला आहेत, त्यामुळे वर्षाकाठी महिनाभर आमचं उभयतांचं वास्तव्य तिथल्या एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर असतं. सिंगापूर हे गाव स्वच्छ आहे, शिस्तीचं आहे, लिफ्ट चालू असते, नळाला पाणी असतं. थोडक्यात, आमच्यासारख्या माणसाने तक्रार करावी असं तिथे काही शिल्लकच ठेवलेलं नाही. अशा परिस्थितीत मला तिथे एक अन्याय सापडला, याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. तो अन्याय कोंबडीभातावर होतो आहे.

हायनानी कोंबडीभात हा सिंगापूरचा, म्हणाल तर, राष्ट्रीय पदार्थ. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर बिर्याणी येईल. ती ताबडतोब घालवा. हा भात पहिल्यांदा पाहिला की वाटतं, कोणीतरी आजारी माणसाचं पथ्य चुकून आपल्यापुढे ठेवलं. फिकट कोंबडी, फिकट भात, कडेला काकडीच्या चार चकत्या आणि वाटीत सोनेरी पाणी. मसाला नाही, फोडणी नाही, तवंग नाही. आमच्या सौ. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अहो, यांचं तिखट संपलंय की काय?" आणि मग पहिला घास घेतल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मला ठाऊक नाही.

या पदार्थाचं सगळं शास्त्र अख्ख्या कोंबडीवर उभं आहे, हा माझा पहिला मुद्दा. आलं आणि कांद्याची पात घातलेल्या पाण्यात सबंध कोंबडी सोडायची. पाणी खदखदू द्यायचं नाही. नुसतं गरम, कुजबुजत ठेवायचं. खदखदलं की मांस दोरखंड होतं. शिजली की ती बाहेर काढून थेट बर्फाच्या पाण्यात. त्या धक्क्याने कातडी आकसते आणि कातडी-मांसाच्या मध्ये जेलीसारखा थर धरतो. या थरासाठी तिथली भली भली माणसं रांगेत अर्धा अर्धा तास उभी राहतात. मग कोंबडीचीच चरबी कढवायची, तिच्यात लसूण आणि आलं परतायचं, त्यात तांदूळ परतायचे, पंडनच्या पानांची गाठ मारून टाकायची, आणि ज्या पाण्यात कोंबडी शिजली त्याच पाण्यात भात शिजवायचा. उरलेल्या पाण्याचं सूप. मिरचीची चटणी वाटताना तिच्यातही लिंबाबरोबर त्याच पाण्याचा एक डाव. वर आल्याची चटणी आणि काळा दाट सोया सॉस. झालं.

म्हणजे बघा, मांस, भात, सूप आणि चटणी, सगळं एका कोंबडीतून निघालं. यातला खरा नायक भात आहे, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आणि तो भात चांगला व्हायचा तर पाण्यात अख्खी कोंबडी उतरावी लागते. एका माणसापुरता कोंबडीभात करायला घेणं म्हणजे एकट्यापुरता सत्यनारायण करण्यासारखं आहे. करता येईल, पण प्रसाद सव्वा किलोच्या हिशेबाचा, तो वाटायचा कुणाला?

आता थोडा इतिहास. घाबरू नका, जेवणाचाच आहे. चीनच्या दक्षिण टोकाला हायनान नावाचं बेट आहे. १९८८ पर्यंत ते ग्वांगडोंग प्रांताचा भाग होतं, मग स्वतंत्र प्रांत झालं. तिथल्या वेनचांग गावची कोंबडी नामांकित. त्या भागातले लोक पोटापाण्यासाठी समुद्रापार सिंगापूर-मलायाला आले, पण आले सगळ्यांच्या मागून. तोवर हॉकियन, तिओच्यू, कँटोनी मंडळींनी चांगले चांगले धंदे वाटून घेतले होते. उशिरा आलेल्यांना पंगतीत जी जागा मिळते तीच हायनान्यांना मिळाली, म्हणजे स्वयंपाकघराजवळची. ते इंग्रज साहेबांच्या घरी खानसामे झाले, बोटींवर आचारी झाले, हॉटेलांत वेटर झाले आणि पुढे कॉफीची दुकानं काढून बसले. राफल्स हॉटेलातलं ते जगप्रसिद्ध गुलाबी पेय, सिंगापूर स्लिंग, त्याचा जनक म्हणून ज्याचं नाव सांगतात तो न्यिआम तोंग बून हासुद्धा हायनानीच. साहेबाला काय आवडतं ते यांना बरोबर कळलं. आपल्याला काय आवडतं ते मात्र यांनी घरी जपून ठेवलं.

मिडल रोड, पर्विस स्ट्रीट आणि सिया स्ट्रीट ही यांची वस्ती. त्यांना हायनानी लोक आपली पहिली, दुसरी आणि तिसरी गल्ली म्हणत. जवळच बीच रोडवर त्यांचं ज्ञातिमंडळ आणि समुद्रदेवीचं देऊळ. सुरुवातीच्या काळात बायकांनी बेट सोडायचं नाही असा दंडक असल्यामुळे आलेले बहुतेक पुरुष सडेफटिंग. एकेका खोलीत दहा-दहा जण. गिरगावातल्या आणि लालबागच्या गाळ्यांत कोकणातून आलेले चाकरमानी राहत, अगदी तसे. सणावाराला एखादी कोंबडी आणायची, ती सगळ्यांत पुरवायची, आणि न पुरलेली कोंबडी भाताने पुरी करायची. पाण्याचा थेंब वाया घालवायचा नाही हे शास्त्र कुठल्या पाकशाळेत जन्मलेलं नाही. ते माणसं जास्त आणि कोंबडी एक, या गणितातून जन्मलेलं आहे.

आणि भात ताटलीत वाढायची पद्धतसुद्धा मूळची नव्हे. त्याचे गोळे वळत. गरम गरम भात हाताने दाबून चेंडूएवढा गोळा. फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन हे गोळे आणि कोंबडी केळीच्या पानात बांधून विकत. मलाक्का गावात अजूनही असे गोळे मिळतात. हायनानी घरांत नव्या वर्षाला ते मुद्दाम करत, कारण गोल म्हणजे घरची सगळी माणसं एकत्र. आधी पूर्वजांपुढे ठेवायचे आणि मग आपण खायचे. भाताचा गोळा आणि पूर्वज, हे दोन शब्द एका वाक्यात ऐकल्यावर सौ.नी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. पण त्यांची पद्धत मला आपल्यापेक्षा मोकळी वाटली. आपण कावळ्याची वाट बघतो. ते नातवंडांना हाका मारतात.

मग बिघडलं कुठे? तर ताटलीत. दुसऱ्या महायुद्धानंतर मिडल रोडवर कोंबडीभाताची खाणावळ निघाली, स्वी की नावाची. ती इतकी चालली की १९९७ साली बंद झाली तेव्हा म्हातारे लोक घरचं कोणी गेल्यासारखे हळहळले. तिचं पाहून दुकानं निघाली. ऑर्चर्ड रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलाने १९७१ पासून हाच भात ट्रेमध्ये मांडून साहेबी किमतीला विकायला सुरुवात केली. त्याच सुमाराला सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना उचलून पक्क्या बांधलेल्या हॉकर सेंटरांत बसवलं. नळ आले, छप्पर आलं, गटारावरची धुणी-भांडी गेली. उत्तम झालं. या सगळ्या सुधारणेत कोंबडी मात्र आठातून एकावर आली. चार-पाच डॉलर टाका, एक ताटली उचला, कोपरा गाठा.

हा कोपरा गाठण्याचा विधी बघण्यासारखा असतो. तिथे जागा धरायला रुमाल टाकत नाहीत, कागदी टिश्यूचं पाकीट टाकतात. याला 'छोप' म्हणतात. पाकीट टेबलावर पडलं की ती जागा सातबारा उतारा झाल्यासारखी त्या माणसाची. आपल्या एसटीत खिडकीतून टाकलेल्या रुमालाला जो मान नाही तो तिथे टिश्यूला आहे. चार खुर्च्यांच्या टेबलावर चार अनोळखी माणसांची चार पाकिटं. मग चौघे येतात, चौघेही कोंबडीभातच आणतात (एकाच दुकानातून, बहुधा एकाच कोंबडीचे चार तुकडे), आणि चौघे चार फोनांत डोकी घालून जेवतात. मला त्या कोंबडीची दया येते. बिचारी मरताना अख्खी होती. सरणावर मात्र चार गावची माणसं, आणि कोणी कोणाचं नाव विचारत नाही.

मी हे चिरंजीवांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बाबा, जेवणाची सुट्टी पाऊण तास. त्यात अख्खी कोंबडी आणि आठ माणसं कुठून आणू?" मुद्दा बिनतोड आहे आणि तो मी मोठ्या मनाने मान्य करतो. दुपारच्या ताटलीशी माझं भांडणच नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला चार-पाच डॉलरांत गरम जेवण मिळतं, ही त्या गावाची पुण्याई आहे. युनेस्कोने २०२० च्या डिसेंबरात सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवतेचा वारसा म्हणून मान दिला तो काही उगाच नाही. माझं भांडण रविवारच्या ताटलीशी आहे. रविवारी चौघांचं कुटुंब घरी असतं आणि दारात प्लास्टिकचे चार डबे येतात. एकाची तंगडी, एकाची छाती, एकाचं बिनहाडाचं, एकाचं बिनकातडीचं. जो तो आपला डबा घेऊन आपल्या खोलीत. २०२० च्या एप्रिलात तिथे साथीमुळे बाहेर बसून जेवण बंद झालं, पुढे कधी एका टेबलाला पाच तर कधी दोनच माणसं असे नियम आले. ते तेव्हा योग्यच होते. पण नियम जाऊन काही वर्षं झाली आणि आमच्या घरचे डबे अजून येतच आहेत, याला कोणता विषाणू म्हणायचं?

काही सज्जन म्हणतील, प्रकृतीचं काय? चरबीतला भात! मी म्हणतो, तुम्हीच गणित करा. एक कोंबडी आठ जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला अष्टमांश येते. कोलेस्टेरॉलवर माणसं वाढवणे याइतका स्वस्त उपाय डॉक्टरांकडेही नाही. काही म्हणतील, एका ताटात सगळ्यांच्या काड्या, उष्टं-खरकटं? तर चिनी लोकांत वाढायच्या काड्या वेगळ्या ठेवायची सोय आहे. आपला डाव तसा त्यांच्या त्या काड्या. आणि काही अतिविद्वान म्हणतील, आधी हा पदार्थ नेमका कोणाचा ते ठरू द्या. हे भांडण खरंच झालेलं आहे. २००९ साली मलेशियाच्या पर्यटन मंत्र्यांनी हा पदार्थ आमचा, दुसऱ्यांनी पळवला, असं सांगितलं आणि इकडे सिंगापूरकरांच्या हातातल्या काड्या थरथरल्या. पुढे १ जून २०२२ पासून मलेशियाने आपल्याकडे टंचाई म्हणून कोंबड्यांची निर्यातच थांबवली. सिंगापूरची जवळजवळ तिसरा हिस्सा कोंबडी तिथून येत होती. गावात हाहाकार! ताजी कोंबडी नाही तर तो थर कसा धरायचा? दुकानांपुढे रांगा लागल्या, वर्तमानपत्रांत रकाने भरले. सबंध राष्ट्र एका कोंबडीसाठी एकत्र व्याकुळ झालं. फक्त जो तो आपापल्या रांगेत. मालकीवरून दोन देश भांडतात ते तंगडीवरच्या भांडणाचंच मोठं रूप आहे, पण ते जेवणाच्या टेबलावर झालं असतं तर सूप येईपर्यंत मिटलं असतं.

आता खरा मुद्दा. आमच्या समोरच्या दारात एक हायनानी आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या. मला 'अंकल' म्हणतात. मी त्यांना 'आंटी' म्हणतो. सिंगापुरात यापलीकडे नातीच नाहीत. आजींची मातृभाषा हायनानी. सिंगापूरच्या चिन्यांत हायनानी शंभरात सहाच्या आसपास, त्यात १९७९ पासून सरकारने सगळ्या चिन्यांनी मँडरिन बोलावं अशी मोहीम काढली. तिची कारणं असतील, राज्य चालवणं सोपं नसतं. परिणाम मात्र असा की आजींची नात इंग्रजी आणि मँडरिन बोलते, आणि आजींना पहिली जेमतेम आणि दुसरी मोडकीतोडकी येते. दोघींचं संभाषण मी रोज दारातून ऐकतो. "ईट?" "ईट." "गुड?" "गुड." तारखात्याने तारेला शब्दागणिक पैसे घ्यावेत आणि दोघींनी काटकसर करावी, तसं.

एका रविवारी आजींनी अख्खी कोंबडी केली आणि आम्हांलाही बोलावलं. हाडासकट तोडून पुन्हा जशीच्या तशी कोंबडीच्या आकारात मांडलेली, मधोमध भाताचं मोठं भांडं. आजींनी तंगडी उचलून नातीच्या वाडग्यात टाकली आणि काहीतरी शब्द उच्चारला. नातीने विचारलं, म्हणजे काय? आजींनी तंगडीकडे बोट दाखवलं. मग पंखाचा शब्द झाला, मानेचा झाला, काळजाचा झाला, आल्याचा झाला, जळलेल्या भाताच्या खरपुडीचा झाला. नात चुकत होती, आजी हसून हसून पुन्हा सांगत होत्या. कोंबडी संपेपर्यंत पंचवीस-तीस शब्द त्या पोरीच्या पदरात पडले. माझी नात शेजारी बसली होती. ती मला 'आजोबा' म्हणते आणि पुढचं वाक्य इंग्रजीत टाकते. तिने मला हळूच विचारलं, "आजोबा, याला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "तंगडी." ती म्हणाली, "टंगडी." मी म्हटलं, "त. त तंगडीतला त." आणि माझ्या वाट्याची तंगडी तिला दिली. बत्तीस रुपये किलोच्या काळापासून मी तंगडी कोणाला दिलेली नाही, हे आमच्या सौ. शपथेवर सांगतील.

हे एकट्याच्या डब्यात होणार नाही. डब्यात आयता तुकडा येतो. त्याचं नाव विचारायची गरज पडत नाही. बिनहाडाचा तर नाहीच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आठवड्याचे सहा दिवस ताटली खा. महिन्यातला एक रविवार अख्ख्या कोंबडीला द्या. करायला वेळ नसेल तर विकत आणा. अख्खी कोंबडी बहुतेक दुकानांत मिळते, फक्त मागायला तोंड उघडावं लागतं. इमारतीखाली ती मोकळी जागा असते, व्हॉइड डेक म्हणतात तिला. तिथे मलायी मंडळींची लग्नं होतात, चिनी घरांतले अंत्यविधी होतात. लग्न आणि मरण यांच्या मधल्या काळासाठी तिथे काहीच नसावं? टाका चार टेबलं. १९८९ पासून सरकारी इमारतींत चिनी, मलायी, भारतीय सगळे मिसळून राहावेत असा नियम आहे; सरकारने बिचाऱ्याने माणसं एका मजल्यावर आणून ठेवली, आता वाढायलाही त्यानेच यायचं का? मलायी शेजारी असतील तर कोंबडी हलाल दुकानातून आणावी, भातात काही फरक पडत नाही. आमच्यापैकी जे शुद्ध शाकाहारी आहेत त्यांना काकडी मिळेल, आणि आग्रह मिळेल. भाताचे गोळे मात्र लहान पोरांकडून वळवून घ्यावेत. वाकडे होतील. होऊ देत.

तंगडीचा प्रश्न राहिला. तंगड्या दोन, पोरं बारा. यावर माझ्याकडे तोडगा नाही आणि तो कोणी शोधूही नये. वयाने सर्वांत मोठी जी आजी असेल तिचा निकाल अंतिम मानावा, आणि तिने तो तिच्या भाषेत द्यावा.

येताना टिश्यूची पाकिटं जरूर आणावीत. जागा धरायला नव्हे, हात पुसायला.